वडिलोपार्जित मत

मतदानाचे वय अठरावरून सोळावर आणण्याचा आपला निर्णय ब्रिटिश सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केला, तेव्हा त्यावर उठलेला वाद अपेक्षित असाच होता. सोळाव्या वर्षी मुलाला राज्यकारभारातले काय कळते, हा एक प्रश्न; आणि ही सवलत म्हणजे मजूर पक्षाने स्वतःसाठी करून ठेवलेली मतांची तरतूद होय, हा दुसरा आरोप. स्कॉटलंडमध्ये २०१४ च्या सार्वमताच्या वेळी सोळा वर्षांच्या मुलांनी मते दिली. तेथील आणि वेल्समधील विधिमंडळांच्या निवडणुकांतही ती देतात, आणि त्यामुळे कोणावर आभाळ कोसळलेले नाही. तेव्हा पहिल्या प्रश्नाची फारशी चिंता करण्याचे कारण नाही. दुसरा आरोप मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. त्यामागे एक जुने गृहीतक दडलेले आहे. लेस्टर, बर्मिंगहॅम, ब्रॅडफर्ड यांसारख्या शहरांतील शाळांत आशियाई कुळातली मुले फार मोठ्या संख्येने आहेत. त्यांचे आजोबा आणि वडील मजूर पक्षाला मत देत आले, म्हणून तीही देतील, असे हे गृहीतक. घर, दुकान आणि दागिने यांच्याप्रमाणे मतही वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जाते, अशी त्यामागची समजूत दिसते.

४ जुलै २०२४ च्या रात्री लेस्टर शहरात जे घडले त्यावरून या समजुतीची परीक्षा झाली. शेजारी शेजारी असलेले दोन मतदारसंघ. लेस्टर पूर्वमध्ये हुजूर पक्षाच्या शिवानी राजा ४,४२६ मतांनी निवडून आल्या. १९८७ पासून मजूर पक्षाकडे असलेली ही जागा हुजूर पक्षाने घेतली, आणि तीही अशा रात्री की जेव्हा देशभर त्या पक्षाची दाणादाण उडाली होती. मजूर पक्षाकडून हुजूर पक्षाने हिसकावून घेतलेली ती एकमेव जागा. लेस्टर दक्षिणमध्ये मजूर पक्षाचे एक वजनदार नेते जॉन ॲशवर्थ यांना शौकत ॲडम या अपक्षाने ९७९ मतांनी पाडले. राजा या लेस्टरमध्येच जन्मलेल्या गुजराती हिंदू. ॲडम मालावीत जन्मलेले, गुजराती मुळाच्या मुसलमान कुटुंबातले. एकाच शहरात, एकाच रात्री, एकाच प्रांताच्या मातीशी नाते सांगणाऱ्या दोन उमेदवारांनी मजूर पक्षाचा पराभव केला, आणि तो अगदी विरुद्ध दिशांनी केला. एकीच्या विजयात काश्मीर आणि मंदिर यांचे पडसाद होते, दुसऱ्याच्या विजयात गाझाचे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. लेस्टर पूर्वमध्ये मजूर पक्षाचे उमेदवार राजेश अग्रवाल हेही हिंदूच, इंदूरहून गेलेले आणि लंडनचे उपमहापौर राहिलेले. त्याखेरीज याच मतदारसंघातून पूर्वी मजूर पक्षातर्फे निवडून आलेले किथ वाझ आणि क्लॉडिया वेब हे दोघेही स्वतंत्रपणे उभे होते. तेव्हा मते फुटली, हेही खरेच. एवढ्यावरून हिंदूंनी हिंदूला मत दिले असा सुटसुटीत निष्कर्ष काढणारा मनुष्य निवडणुकीचे गणित जाणत नाही, असेच म्हणावे लागेल. पण मते फुटली म्हणजे ती बांधलेली नव्हती, एवढे तर त्यातून दिसतेच.

ती पूर्वी बांधलेली का होती, हे समजून घेतल्यावाचून आज काय सुटते आहे हे कळणार नाही. ब्रिटनमधील भारतीयांचे मजूर पक्षाशी असलेले नाते तसे जुने. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये चिरोल खटल्याच्या निमित्ताने लंडनमध्ये होते, तेव्हा स्वराज्याच्या मागणीला आधार म्हणून त्यांनी याच पक्षाशी जवळीक साधली. १९४७ साली सत्ता सोडणारे सरकारही ॲटलींच्या मजूर पक्षाचे. मात्र हेही विसरू नये की ब्रिटिश पार्लमेंटात बसलेले पहिले तीन भारतीय तीन वेगवेगळ्या पक्षांचे होते, आणि तिघेही पारशी होते. १८९२ चे दादाभाई नौरोजी उदारमतवादी, १८९५ चे भावनगरी हुजूर, तर १९२२ मध्ये निवडून आलेले सकलातवाला कम्युनिस्ट. म्हणजे एका समाजाचे मत एकाच पक्षाला, हा नियम प्रारंभी मुळीच नव्हता. तो पुढे, साठ-सत्तरीच्या दशकांत घडला.

त्या दशकांतल्या स्थलांतरिताच्या अनुभवाला दोन टोके होती. एका टोकाला १९६४ ची स्मेदिकची विषारी निवडणूक, २० एप्रिल १९६८ चे इनॉक पॉवेल यांचे बर्मिंगहॅमचे भाषण, सदुसष्टनंतर रस्त्यावर दिसू लागलेला नॅशनल फ्रंट, १९७६ मध्ये साउथॉलमध्ये झालेला गुरदीप सिंग चग्गर या तरुणाचा खून. दुसऱ्या टोकाला मजूर सरकारांनी १९६५, १९६८ आणि १९७६ साली केलेले वंशभेदविरोधी कायदे. यात निवड करणे अवघड नव्हते. गिरणीत, ओतशाळेत, बसमध्ये काम करणारा मनुष्य कामगार संघटनेचा सभासद होई आणि संघटनेच्या वाटेने मजूर पक्षाकडे जाई. पण या नात्यातही खडे होतेच. केनियातील आशियाई ब्रिटिश पारपत्रधारकांना दार बंद करणारा १९६८ चा कायदा याच पक्षाच्या सरकारने तीन दिवसांत मंजूर करून घेतला. आणि १९७२ मध्ये इदी अमीनने हाकललेल्या सुमारे २८ हजार आशियाईंना आत घेतले ते हीथ यांच्या हुजूर सरकारने. लेस्टरच्या नगरपालिकेने तर युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन, आमच्याकडे येऊ नका, असे या लोकांना बजावले होते. लोक तरीही आले आणि बेलग्रेव्ह रोडवर त्यांनी दुकाने मांडली. २०२१ च्या जनगणनेत त्याच शहरात आशियाई ४३.४ टक्के आणि गौरवर्णीय ४०.९ टक्के निघाले. १९७४ साली तेथील इंपीरियल टाइपरायटर कारखान्यात आशियाई कामगारांनी संप केला, तेव्हा त्यांची स्वतःचीच संघटना त्यांच्या पाठीशी उभी राहिली नाही. दोन वर्षांनी लंडनमधील ग्रनविकच्या संपात जयाबेन देसाई यांच्यामागे हजारो गोरे कामगार उभे राहिले, ते चित्र मात्र लोकांच्या मनात राहिले. मनुष्य पक्षाचा सगळा हिशेब ठेवीत नाही. त्याला काही चित्रे आठवतात, आणि तो मत देतो.

मुलांना ती चित्रे आठवत नाहीत, हा या प्रश्नाचा गाभा आहे. आणि ती आठवावीत तरी का? अठरा वर्षांच्या मुलीच्या लेखी ग्रनविक म्हणजे आजीच्या वेळचा इतिहास.

या ठिकाणी एका रूक्ष प्रशासकीय तपशिलाकडे लक्ष वेधावेसे वाटते, कारण आपल्याकडील भाष्यकार त्याकडे सहसा पाहत नाहीत. २०१४ पर्यंत इंग्लंडमध्ये मतदार नोंदणीचा कागद घराच्या नावाने येई, आणि घरातील कर्ता माणूस सर्वांची नावे त्यावर लिही. म्हणजे मुलगा अठरा वर्षांचा झाला की वडील त्याचे नाव लिहीत, आणि बहुधा मत कोणाला द्यायचे तेही सांगत. २००० च्या कायद्याने कारण न सांगता टपालाने मत देण्याची सोय झाल्यावर तर मतपत्रिकाच घरी येऊ लागल्या आणि जेवणाच्या टेबलावर, वडीलधाऱ्यांच्या देखत भरल्या जाऊ लागल्या. गुप्त मतदानाचा अर्थ तेथे किती उरला असेल, ते सांगायला नको. २००४ साली बर्मिंगहॅमच्या नगरपालिका निवडणुकीत टपाली मतांची जी लबाडी झाली, तिच्यावर दुसऱ्या वर्षी निवाडा देताना न्यायाधीशांनी अतिशय कडक शब्द वापरले होते.

या व्यवस्थेला जो पहिला मोठा हादरा बसला तो ब्रॅडफर्डमध्ये. पाकव्याप्त काश्मीरमधील मीरपूर भागात साठीच्या दशकात मंगला धरण झाले, लाखभर लोक विस्थापित झाले आणि त्यांतले पुष्कळ यॉर्कशरच्या लोकरीच्या गिरण्यांत आले. येताना त्यांनी आपली बिरादरी बरोबर आणली. परक्या मुलखात घर मिळवून देणे, नोकरी लावणे, लग्न जमवणे ही कामे बिरादरीने केली. तिची निंदा करणाऱ्यांनी तिचे हे उपकार ध्यानात ठेवावेत. पुढे तिने मते जमवण्याचेही काम केले. मजूर पक्षाच्या स्थानिक कार्यकर्त्याला शंभर दारे ठोठावण्याची गरज राहिली नाही. तीन-चार वडीलधाऱ्यांबरोबर चहा घेतला की काम भागे. त्याच्या मोबदल्यात नगरपालिकेतील उमेदवारी कोणत्या बिरादरीला द्यायची हे ठरे. मूळ मुंबईतील गिरणगाव पाहिलेल्या वाचकाला यात अपरिचित असे काही वाटू नये. गावकीच्या खोलीतून मते एका बाजूला पडत, ती अशीच.

२९ मार्च २०१२ रोजी ब्रॅडफर्ड पश्चिममध्ये पोटनिवडणूक झाली. प्रकृतीच्या कारणाने मार्शा सिंग यांनी ही जागा सोडली होती. १९७४ पासून प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीत मजूर पक्षाने जिंकलेली जागा; उमेदवार इम्रान हुसेन, पाकिस्तानी कुळातले, पक्षाच्या स्थानिक यंत्रणेत मुरलेले. समोर जॉर्ज गॅलोवे, स्कॉटलंडचे, इराक युद्धाच्या वादात २००३ साली मजूर पक्षातून काढून टाकलेले. गॅलोवेंना ५५.९ टक्के मते पडली आणि ते १०,१४० मतांच्या अधिक्याने निवडून आले. या निकालाचे श्रेय सर्वांनी एकमुखाने दिले ते पाकिस्तानी कुळातील तरुण मतदारांना, त्यातही मुलींना आणि स्त्रियांना. बिरादरीच्या बैठकांत ज्यांना कधी बसवले नव्हते, त्या या निवडणुकीत घरोघर फिरल्या. आपल्या जातीचा, आपल्या धर्माचा, आपल्या गावचा उमेदवार समोर असताना या मुलांनी एका स्कॉटिश वक्त्याला मत दिले. कारण वडिलांच्या चहाच्या बैठकीत ठरलेला उमेदवार त्यांना नको होता. गॅलोवे हे काही आदर्श लोकप्रतिनिधी नव्हते, त्यांचे वक्तृत्व त्यांच्या कामापेक्षा नेहमीच मोठे राहिले. पण तो मुद्दा वेगळा. तीन वर्षांनी, २०१५ साली, याच मतदारसंघाने त्यांना ११,४२० मतांनी पाडून मजूर पक्षाच्या नाझ शहा यांना निवडून दिले. आणि २०२४ मध्ये त्याच नाझ शहांना केवळ ७०७ मतांच्या अधिक्याने तारले. बारा वर्षांत एकाच मतदारसंघाने घेतलेली ही वळणे पाहिली की वारसाहक्काच्या कल्पनेत काय उरले, असा प्रश्न पडतो.

आपले समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी पन्नाशीच्या दशकात म्हैसूरकडील एका खेड्याचा अभ्यास करताना ‘व्होट बँक’ हा शब्द वापरला. गावातला मातब्बर मनुष्य आपल्या आश्रितांची मते उमेदवाराला मिळवून देतो, या व्यवहाराचे ते वर्णन होते. मराठीत आपण त्याला एकगठ्ठा मते म्हणू लागलो आणि मातब्बर माणूस विसरून सगळा दोष आश्रितांना देऊ लागलो. ब्रिटनमध्ये आज तेच होते आहे. बिरादरीने मते जमवली तेव्हा तिचा लाभ घेणाऱ्या पक्षाला ती समाजाची एकजूट वाटली. त्याच समाजातील मुलांनी स्वतः ठरवून वेगळे मत दिले, तेव्हा त्याला जमातवाद हे नाव मिळाले.

आता भारतीय कुळातील मतदारांकडे वळू. २०१० च्या निवडणुकीनंतर अँथनी हीथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्पसंख्य वंशीय मतदारांची विस्तृत पाहणी केली, तेव्हा सर्व अल्पसंख्य मतदारांत मजूर पक्षाचा वाटा ६८ टक्के निघाला. कार्नेगी संस्थेसाठी देवेश कपूर, मिलन वैष्णव प्रभृतींनी २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत ब्रिटिश भारतीयांपैकी दहांत चार मजूर पक्षाकडे आणि तीन हुजूर पक्षाकडे झुकलेले आढळले. शीख आणि मुसलमान पहिल्याकडे, हिंदू आणि ख्रिस्ती दुसऱ्याकडे अधिक. या फरकाची कारणे अनेक आहेत. युगांडा-केनियाहून आलेल्यांची मुले डॉक्टर, हिशेबनीस, दुकानांचे मालक झाली, उपनगरांत राहायला गेली, आणि उपनगरांतील इतर लोकांसारखी करांचा विचार करू लागली. २०१९ च्या सप्टेंबरात मजूर पक्षाच्या परिषदेने काश्मीरविषयी ठराव केला आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाच्या तेथील मित्रमंडळाने अटीतटीच्या मतदारसंघांत हुजूर पक्षाच्या बाजूने प्रचार केला. दिल्लीच्या राजकारणाची ही निर्यात मला रुचलेली नाही. क्रॉयडनमध्ये जन्मलेल्या मुलाने ट्यूशन फी, घरभाडे आणि रेल्वे यांचा विचार करून मत द्यावे. त्याच्या मताला श्रीनगरचा पत्ता लावण्याचा अधिकार कोणालाच नाही.

पण न्याय सर्वांना सारखा हवा. मग गाझासाठी मत देणाऱ्या मुलाला काय म्हणावे? २०२४ मध्ये बेथनल ग्रीनमध्ये रुशनारा अली यांचे ३७,५२४ चे मताधिक्य १,६८९ वर आले. इलफर्ड उत्तरमध्ये लिआन मोहमद या तेवीस वर्षांच्या, पॅलेस्टिनी निर्वासितांची नात असलेल्या अपक्ष तरुणीने वेस स्ट्रीटिंग यांना ५२८ मतांपर्यंत जेरीस आणले. हीही परदेशी प्रश्नाची आयातच, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. फरक एवढाच की काश्मीरवर ब्रिटिश सरकारचे काही चालत नाही, आणि इस्रायलला शस्त्रे विकण्याचे परवाने मात्र तेच सरकार देते. तेव्हा त्याविषयी त्या सरकारला मतपेटीतून जाब विचारणे हे सर्वस्वी ब्रिटिश राजकारणच आहे. शिवाय गाझाविषयी मोर्च्यात चालणारी मुले केवळ मुसलमान नव्हती. अठरा ते चोवीस वयोगटात या निवडणुकीत मजूर पक्षाच्या मागोमाग हरित पक्ष आला आणि हुजूर पक्ष दहा टक्क्यांच्याही आत राहिला. स्थलांतरितांच्या मुलांनी मजूर पक्ष सोडला, तो पुष्कळदा त्यांच्या गोऱ्या वर्गमित्रांबरोबरच सोडला. हे साम्य लक्षात न घेता फक्त त्यांच्या धर्माची मोजदाद करणाऱ्यांना अर्धेच चित्र दिसते.

आणखी एक गोष्ट अभ्यासकांना वारंवार आढळली आहे, आणि ती प्रथमदर्शनी विपरीत वाटते. परदेशी जन्मून ब्रिटनमध्ये आलेल्यांपेक्षा तेथेच जन्मलेल्या त्यांच्या मुलांना भेदभाव अधिक जाणवतो. बापाची भाषा तुटकी, उच्चार वेगळा, घर दोन खोल्यांचे. तरी तो म्हणतो, या देशाने मला पुष्कळ दिले. मुलाचा उच्चार अस्सल लेस्टरचा, पदवी चांगल्या विद्यापीठाची. आणि त्याच्या मनात राग. याचे कोडे वाटण्याचे कारण नाही. बाप आपली तुलना मागे सोडलेल्या गावाशी करतो, मुलगा शेजारच्या बाकावरच्या मुलाशी करतो. बापाला नागरिकत्व मिळाले होते, मुलगा ते घेऊनच जन्मला. मिळालेल्या वस्तूबद्दल मनुष्य आभार मानतो, जन्मसिद्ध वस्तूचा हक्क सांगतो. २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये साउथपोर्टच्या हत्याकांडानंतर खोट्या अफवांवरून मशिदींवर आणि निर्वासितांच्या हॉटेलांवर हल्ले झाले, तेव्हा या पिढीने पॉवेलच्या काळाची गोष्ट प्रथमच स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. तिचा परिणाम पूर्वीसारखाच मजूर पक्षाकडे धाव घेण्यात होईल, असे मात्र दिसत नाही. स्थायी वास्तव्याचा परवाना मिळण्यासाठी पाच वर्षांऐवजी दहा वर्षे थांबावे लागेल, असा प्रस्ताव २०२५ च्या नोव्हेंबरात मांडला तो मजूर सरकारच्या गृहमंत्री शबाना महमूद यांनीच, आणि त्या स्वतः मीरपुरी कुटुंबातल्या.

या चर्चेत न येणारा वर्ग सर्वांत मोठा आहे. तो म्हणजे कोणालाच मत न देणारा. हीथ यांच्या पाहणीत अल्पसंख्यांची मतदार नोंदणीच गोऱ्यांच्या मानाने बरीच कमी आढळली; एकदा नाव नोंदले गेले की मतदानात फारसा फरक नव्हता. २०१४ नंतर प्रत्येकाने आपले नाव स्वतः नोंदवायचे ठरले, हे मुलांच्या स्वातंत्र्याला पोषक झाले खरे. पण भाड्याच्या खोल्या बदलत राहणारी मुले यादीबाहेरही राहिली. त्यात २०२२ च्या कायद्याने ओळखपत्र सक्तीचे केले. वृद्धांचा बसचा पास त्यासाठी चालतो, तरुणांचा रेल्वेचा पास चालत नाही. असा भेद करणाऱ्यांनी तरुण मतदानाला येत नाहीत म्हणून खेद करावा, हे मौजेचे आहे.

आपल्या वाचकांपैकी ज्यांची मुले तेथे शिकायला गेली आहेत, त्यांना एक गोष्ट कदाचित ठाऊक नसेल. राष्ट्रकुलातील देशाचा नागरिक वैध परवान्यावर ब्रिटनमध्ये राहत असेल, तर त्याला पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येते. ब्रिटिश नागरिकत्वाची अट नाही. सांगलीहून लीड्सला गेलेल्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याचे आयुष्यातले पहिले मत तेथेच पडू शकते. जर्मनीत तुर्की कामगारांच्या तेथेच जन्मलेल्या मुलांना २००० पूर्वी जन्मतः नागरिकत्व मिळत नसे आणि म्हणून मतही नसे, हे लक्षात घेतले तर साम्राज्याच्या मोडीतून उरलेली ही सवलत किती मोलाची आहे ते कळेल. विद्यार्थी तिचा फारसा उपयोग करीत नाहीत.

ब्रिटनमधील पुढची सार्वत्रिक निवडणूक फार तर २०२९ च्या ऑगस्टपर्यंत लांबू शकते. २०२२ च्या सप्टेंबरात क्रिकेटच्या एका सामन्याचे निमित्त होऊन लेस्टरच्या रस्त्यांवर हिंदू आणि मुसलमान तरुण एकमेकांसमोर उभे ठाकले, तेव्हा जी मुले नऊ वर्षांची होती आणि खिडकीतून ते पाहत होती, ती सोळा वर्षांचे वय मान्य झाल्यास या निवडणुकीत मतदार असतील. सोळावे वर्ष लागण्याच्या सुमारास तेथील प्रत्येक मुलाला सरकारकडून राष्ट्रीय विम्याचा क्रमांक टपालाने येतो, आणि मतदार यादीत नाव घालताना तोच क्रमांक विचारला जातो. त्या पाकिटावर आता घरातील कर्त्या माणसाचे नाव नसते.